सातची दुसरी घंटा

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. एका माणसाला वेळेवर येणं जमत नव्हतं, म्हणून एका शाळेतली सहाशे मुलं पाच महिने रोज सकाळी दोनदा रांगेत उभी राहिली. ज्याला पटत नसेल त्याने इथूनच उठावं. ज्याला लगेच पटलं असेल त्याने एकदा स्वतःला तपासून घ्यावं.

तो माणूस म्हणजे शाळेच्या ऑफिसातले क्लार्कभाऊ. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली आणि सत्तावीस वर्षं ते रोज सात वाजून दहा मिनिटांनी येत. अकरा नाही, नऊ नाही. इतका नियमित माणूस उभ्या शाळेत दुसरा नव्हता. पण ऑफिसात अंगठ्याचं हजेरीयंत्र आलं आणि या नियमितपणाला लेटमार्क म्हणू लागले. महिन्यात तीन लेटमार्क झाले की नदीपलीकडच्या शाखेत बदली, असा कागद मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फळ्यावर लावला. तो टाइप भाऊंनीच केला होता.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दोन बस बदलून जावं लागेल तिकडे. पहाटे चारला उठून डबा मी करणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

“अगं, पण बदली होणारच असं कुठे आहे?”

“तुमचा पाय घरातून निघतो कसा ते मी रोज बघते. होणारच.”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या दोनच दिवसांत दोन लेटमार्क झाले, आणि भाऊंची नजर घंटेच्या प्रोग्रॅमकडे गेली.

शाळेची घंटा आणि हजेरीयंत्र, दोन्ही ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरच्या घड्याळावर चालत. त्या कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलायचं म्हटलं की तो ॲडमिनचा पासवर्ड मागे, आणि पासवर्ड फक्त हे सगळं बसवून देणाऱ्या मशीनवाल्याच्या डोक्यात. परीक्षेच्या दिवसांत घंटेच्या वेळा रोज बदलत. पासवर्ड टाकायला गावाच्या त्या टोकाहून येऊन येऊन मशीनवाला पार कावला होता. शेवटी त्याने घंटेच्या प्रोग्रॅममध्येच एक रिकामी चौकट करून दिली.

“भाऊ, यात कमांड लिहायची आणि एंटर मारायचं. मशीन काही विचारणार नाही. तुम्ही म्हणजेच ॲडमिन असं समजून मुकाट्याने करेल.”

“काहीही लिहिलं तरी?”

“काहीही. म्हणून घंटेशिवाय काही लिहू नका. माझ्या गळ्याशी येईल.”

सत्तावीस वर्षांत भाऊंनी सांगितलेलं कोणी काही मुकाट्याने केलं नव्हतं. शिपाई तीन हाकांनंतर वळे, साधा शिक्का मारायलासुद्धा बाईंची सही लागे. आणि इथे एक बोटभर चौकट त्यांच्या हुकमाची वाट पाहत लुकलुकत होती. तीन तारखेला, सात दहाला, घाम पुसत भाऊंनी तिच्यात घड्याळ मागे घेण्याची कमांड लिहिली. घड्याळ सहा अठ्ठावन्नवर गेलं. मशीनने खरोखर काही विचारलं नाही.

सहा पन्नास करता आलं असतं, पण थाप पचेल एवढीच मारावी असा भाऊंचा शिरस्ता होता. सहा पन्नासला ते पोचले, हे यंत्रालाही पटलं नसतं. अडचण एवढीच झाली की वर्षानुवर्षांच्या शाईने अंगठ्याच्या रेघा बुजल्या होत्या. पुसून, फुंकर मारून, चौथ्या खेपेस, सहा एकोणसाठला, यंत्राने अंगठा ओळखला. भाऊ घड्याळ पुढे करायला वळले, तोवर त्या घड्याळात सात वाजले आणि सातची घंटा दुसऱ्यांदा घणघणली.

मुलं रांगा करून, हजेरी देऊन नुकतीच वर्गांत बसली होती. घंटा ऐकून ती परत मैदानावर आली. खेळाच्या सरांना वाटलं, बाईंचा नवीन हुकूम असणार. त्यांनी शिट्टी फुंकून पुन्हा हजेरी घेतली. पहिला तास अर्धा झाला, पण तो गणिताचा असल्यामुळे तक्रार कोणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने सरांनी दुसऱ्या रांगेसाठी वेगळं रजिस्टर केलं. बाईंना वाटलं, हे वरच्या ऑफिसातून आलेलं असणार. त्यांनी भाऊंना बोलावलं.

“भाऊ, दुसऱ्या रांगेचं परिपत्रक कुठे लावलंत?”

भाऊंनी फायली उपसल्या. जे नाही ते शोधण्यात त्यांचा हातखंडा होता. “इथेच होतं बाई. खालच्या कपाटात गेलं असेल.”

“राहू दे. आदेशाप्रमाणे दुसरी रांग सुरू केली आहे, असं वर कळवून टाका. उगाच विचारणा नको.”

भाऊंनी पत्र टाइप केलं. वरच्या ऑफिसात असला आदेश कोणालाच सापडेना. पण आपलाच आदेश आपल्याला माहीत नाही, हे कबूल कोण करणार? त्यांनी समाधान व्यक्त केलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं की उपक्रम स्तुत्य असून मोठे साहेब स्वतः पाहायला येत आहेत.

साहेब समोर असताना त्या चौकटीला हात लावणं भाऊंना परवडणार नव्हतं. साहेब यायच्या दिवशी बायकोने त्यांना अक्षरशः दाराबाहेर ढकललं आणि सत्तावीस वर्षांत प्रथमच भाऊ सहा बावन्नला ऑफिसात हजर झाले. अंगठा उमटला. कमांड नाही, घाम नाही, लपवाछपवी नाही. सात वाजता घंटा झाली, साहेबांनी पहिली रांग पाहिली, मुलं वर्गांत गेली. भाऊ पाय लांब करून चहा पीत बसले. सचोटीचा चहा वेगळाच लागतो, असं त्यांना वाटलं.

सात बारा झाले. मैदानावर साहेब उभे, बाई उभ्या, खेळाचे सर शिट्टी ओठांत धरून उभे. घंटा होईना.

सात सोळाला भाऊंच्या लक्षात आलं, आज घड्याळ मागे गेलेलंच नाही. पण ते कॉम्प्युटरकडे झेपावणार तोच तिघं दारात आली, आणि साहेब थेट कीबोर्डासमोरच्या खुर्चीत बसले.

“काय हो, दुसरी घंटा का झाली नाही?”

“साहेब, तुम्हाला खरं वाटायचं नाही,” भाऊ म्हणाले, “पण वायरवर पारवा बसलाय. चांगला वजनदार आहे. त्याच्या भाराने वायर दबते आणि करंट पुढे जात नाही.”

“मग पहिली घंटा कशी झाली?”

“तेव्हा तो यायचा होता. आला, घंटेला दचकून उडाला, आणि सगळं शांत झाल्यावर परत येऊन बसला. पारव्यांचं असंच असतं साहेब, जागा सोडत नाहीत.”

साहेब खिडकीतून वायरीकडे पाहू लागले. सरही पाहू लागले. बाई मात्र हजेरीयंत्राच्या पडद्यावर वाकल्या होत्या. पाच महिने, रोज, सहा एकोणसाठ. आणि आज सहा बावन्न. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“पारव्याचं राहू दे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आज तुम्ही वेळेवर आलात.”