मांजरांचा फ्रीज

"तू निर्धास्त जा," ग्रंथपाल म्हणाले. "सदतीस वर्षं चाळीस हजार पुस्तकं सांभाळली, हरवली फक्त सहा. दोन मांजरं ती काय, आणि तीही पंधरा दिवस!"

मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती. पुस्तकांना भूक लागत नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण खाली गाडी वाट पाहत होती. जाता जाता तिने एवढंच सांगितलं की हे पंधरा दिवस नीट पार पडले, तर पुढच्या महिन्यात दोन वर्षांच्या बदलीवर जाताना मांजरं ती बाबांकडेच ठेवील. नाहीतर ऑफिसातली एक मैत्रीण न्यायला तयार आहेच.

"बघ बाई, तुझी मर्जी," असं म्हणून ग्रंथपाल चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. निवृत्तीनंतर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं, आणि या दोघी निदान जांभई देत का होईना, ऐकून घेत. जाडजूड थोरलीला ते पहिला खंड म्हणत, सडपातळ धाकटीला दुसरा.

प्रश्न होता जेवणाचा. दोघी कच्चं मांस खात. प्राण्यांच्या डॉक्टरांनीच ते ठरवून दिलं होतं, वर कालवायची पूडही दिली होती. मुलीने बारा नियमांचा कागद ठेवला होता. ग्रंथपालांना बारा कमी वाटले. त्यांनी आपल्या जुन्या वाचनालयातून पाच पुस्तकं आणली, तेव्हा नियम त्रेपन्न झाले आणि त्यांची अकारविल्हे सूचीही झाली. 'ओटा, उकळत्या पाण्याने'. 'कांदा, देऊ नये'. 'चाकू, वेगळा'. 'हात धुणे: साबण पाहा'.

मग ते खाटकाकडे गेले. आयुष्यात ते अशा दुकानात पहिल्यांदाच शिरत होते, त्यामुळे चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली होती. ताजं मांस, थोडं हृदय, काळीज अगदी थोडं, हाडं नकोत. खाटकाने आपुलकीने विचारलं की काका, रस्सा करणार की सुकं?

"शिजवायचं नाही," ग्रंथपाल पुटपुटले. "दोघी कच्चंच खातात."

"कोण दोघी?"

"मुलीच्या आहेत. पंधरा दिवस माझ्याकडे राहिल्यात."

मागे उभ्या असलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. मांजर हा शब्द ग्रंथपालांना सुचला तो घराच्या जिन्यावर, आणि तोवर परत जाऊन खुलासा करण्याची हिंमत उरली नव्हती.

ती सगळी दुपार स्वयंपाकघराचं ऑपरेशन थिएटर झालं. वेगळी फळी, हातमोजे, दर पाच मिनिटांनी साबण. तीस डब्या भरल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आणि निवृत्तीच्या दिवशी नजरचुकीने खिशातून घरी आलेला तारखेचा शिक्का मारला. डब्या बर्फाच्या कप्प्यात गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या दोन तेवढ्या खालच्या कप्प्यात, झाकण लावून, सावकाश वितळायला.

मग आला एकतिसावा नियम: कच्चं मांस माणसांच्या अन्नापासून वेगळं ठेवावं. ग्रंथपालांनी पुष्कळ विचार केला. वाचनालयात दुर्मिळ ग्रंथ आले, तेव्हा त्यांना आतली खोली देऊन वर्तमानपत्रं व्हरांड्यात काढली होती. त्याच न्यायाने त्यांनी फ्रीज मांजरांना दिला आणि स्वतःचं अन्न खिडकीत काढलं.

वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहत असे. ती एक दिवसाआड डबा भरून भात आणून देई. खिडकीतला डबा पाहून ती म्हणाली, "अरे, मांजरांचं फ्रीजमध्ये आणि तुझं उन्हात?"

ग्रंथपालांनी तिला एकतिसावा नियम वाचून दाखवला. ताई म्हणाली की लहानपणी छत्री भिजू नये म्हणून काखेत धरून घरी येणारा तूच ना, आणि वर निघून गेली.

तेरा दिवस दृष्ट लागावी असे गेले. ताटली ठेवायची, घड्याळ लावायचं, वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. उरत काहीच नसे. पहिल्या खंडाचं वजन तर जरा वाढलंच. चौदाव्या दिवशी दुपारी मात्र ग्रंथपालांच्या पोटात कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या.

त्यांचा चेहरा उतरला तो पोटामुळे नव्हे. कुठेतरी साबण कमी पडला, जंतू फळीवरून हातावर आले, आणि आपल्यापर्यंत पोचले म्हणजे त्या दोघींपर्यंत आधीच पोचले असणार! त्यांनी पुस्तक उघडलं. 'सुस्ती' हे लक्षण होतं. दोघी खुर्चीवर गाढ झोपल्या होत्या. दुपारी त्या रोजच झोपत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि कच्च्या मांसातून विषबाधा झाल्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी उलट्या किती झाल्या ते विचारलं. ग्रंथपाल विचारलं तेवढंच बोलणारे. चार, ते म्हणाले.

"चालता येतंय का?"

"भिंत धरून."

भिंत धरून चालणारं मांजर डॉक्टरांनी पाहिलेलं नव्हतं.

"वय काय म्हणालात?"

"अडुसष्ट."

"कशाला हात लावू नका," डॉक्टर म्हणाले, "मी निघालोच."

डॉक्टर आले, पाठोपाठ ताई आली, आणि नशीब असं की एक दिवस आधीच परतलेली मुलगीही बॅगेसकट दारात उभी राहिली. डॉक्टरांनी दोघींना उलटंपालटं करून तपासलं. दोघी ठणठणीत. फळी पाहिली, चाकू पाहिला, शिक्के मारलेल्या डब्या पाहिल्या, आणि आपल्या दवाखान्यातसुद्धा इतकी स्वच्छता नसते, अशी कबुली दिली.

"मग तुम्ही काय खाल्लंत?"

ग्रंथपालांनी खिडकीकडे बोट केलं. डब्यावर शिक्का नव्हता.

"परवाचा भात तो," ताई म्हणाली. "माझ्या हाताला नावं ठेवू नका. ठेवणाऱ्याला ठेवा."

माणसांना औषध द्यायची आपल्याला परवानगी नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना कोपऱ्यावरच्या माणसांच्या डॉक्टरांकडे धाडलं. संध्याकाळी ग्रंथपाल मीठसाखरेचं पाणी घोट घोट घेत पलंगावर पडले होते. पोट शांत झालं होतं, जीव टांगणीला होता. मुलगी बराच वेळ स्वयंपाकघरात होती. शेवटी ती बाहेर आली.

"मांजरं इथेच राहतील," ती म्हणाली. "त्यांची मला काळजी नाही."

तिच्या बोलण्याचा रोख ग्रंथपालांना नीटसा कळला नाही. ती गेल्यावर ते भिंत धरून उठले आणि त्यांनी फ्रीज उघडला. मधला कप्पा रिकामा करून तिथे ताईचा ताजा डबा ठेवला होता. झाकणावर आजच्या तारखेचा शिक्का होता आणि त्याखाली मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तिसरा खंड. दिवसातून दोनदा. खाल्लं की नाही ते आत्याने पाहावं.'

शिक्का उलटा उमटला होता. एरवी त्यांनी तो दुरुस्त करायला लावला असता.