यंत्र सुरू करण्याची सुरक्षित पद्धत (सुधारित आवृत्ती सातवी)

कोणतेही यंत्र चालवण्यापूर्वी ते सुरू करावे लागते, आणि सुरू करण्यापूर्वी त्यावर बैठक घ्यावी लागते. धायरीतल्या आमच्या चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या सोसायटीने यातला दुसरा भाग आजवर कधीही चुकवलेला नाही.

पावसाळा सरला तेव्हा मैदानातले गवत कमरेला लागत होते (आमच्या अडीच वर्षांच्या सोनूच्या डोक्यावरून जात होते). साप असतील म्हणून मुलांना तिथे बंदी झाली. मुले पार्किंगमध्ये खेळू लागली. तिथे साप नाहीत, फक्त रिव्हर्समध्ये येणाऱ्या गाड्या आहेत. सोनू नुकतीच सुसाट धावायला शिकली होती. दोन खांबांमधले अंतर तिच्या सात पावलांत संपे, आणि ती माझ्याकडे बघे: एवढंच?

दसऱ्याच्या मुहूर्तावर पेट्रोलवर चालणारे गवतकापणी यंत्र आले. चालवायला गावातलाच मच्छिंद्र नेमला गेला. (ही जमीन त्याच्या आजोबांची, इथे ज्वारी होत असे, तेव्हा त्याला कापणीचा अनुभव नाही असे धरून प्रशिक्षण देण्यात आले.) पद्धत लिहिली शुभंकर भोयर यांनी. ते मूळचे वर्ध्याचे, हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोसेस बघतात. बावीस कलमांपैकी काही नमुन्यादाखल:

कलम ३. टाकी भरताना इंजिन गार असावे.

कलम ५. पंधरा मीटरच्या आत कोणी नसावे. (मैदान बारा मीटर रुंद असल्याने तळमजल्यावरची तीन कुटुंबे दर रविवारी बाहेर जातात. एक जण सासुरवाडीला जातो. तिथले संबंध आता सुधारले आहेत.)

कलम ८. चोक ओढावा, पाय रोवावेत, मग दोरी ओढावी.

कलम ९. पूजेचा झेंडूचा हार आधी काढावा (अनुभवान्ती समाविष्ट).

रविवारी बरोबर दहा वाजता मच्छिंद्र चष्मा, बूट, हातमोजे चढवी, पत्रकावर दोन सदस्यांच्या सह्या होत आणि यंत्र सुरू होई. टाळ्या. मग ते बंद होई. सहा रविवार, सहा वेळा. यश शंभर टक्के, दुखापत शून्य.

सहाव्या रविवारी मी विचारले, "अहो भोयर, कापायचं कधी?"

"श्रद्धाताई, हे डॉक्युमेंट फक्त स्टार्टिंगचं आहे. कटिंग फेज टूमध्ये."

"एवढी घाई असेल तर बकरी पाळा," सेक्रेटरी हेमाताई म्हणाल्या.

मंगळवारी मच्छिंद्रची आई, सोजरबाई, विळा घेऊन आल्या. "वाळत चाललंय समदं," त्या म्हणाल्या. "आता न्हाय कापलं तर म्हस बी तोंड लावायची न्हाय. लेकाचं यंत्र रविवारी खोकतंय, तवर मी घेते जरा." दुपारपर्यंत चार भारे बांधून त्या गेल्या. साप निघाला नाही. तीन चेंडू आणि भोयर यांचा हरवलेला टॉवेल निघाला.

संध्याकाळी सोनू धावली. भिंतीपर्यंत गेली, तिला हात लावला, परत आली, पुन्हा गेली. पडली, रडायला वेळ नव्हता.

बुधवारी नोटीस लागली. एक: मैदानात विनाचष्मा, विनासही, विनापद्धत कापणी झाली आहे. दोन: फेज टूच्या चाचणीसाठी आता गवतच शिल्लक नाही. तीन: सबब ते पुन्हा कमरेइतके वाढेपर्यंत मैदान मुलांना बंद राहील, आणि मच्छिंद्रने आईला समज द्यावी.

खाली दोन सह्या. एक हेमाताईंची. दुसरी माझी. मंगळवारी रात्रीच्या वरणभाताच्या वेळी त्या कागद घेऊन दारात आल्या होत्या, "करा हो, नेहमीचंच आहे" म्हणाल्या, आणि मी सोनूला कडेवर घेऊन, तिचे मातीचे पाय साडीला लागू न देण्याची काळजी घेत, सही केली.

आपल्याला हसू येत असेल. जरूर हसा. आपल्या दारात परवा आलेला कागद आपण वाचूनच सही केली असणार. तरी एकदा खाली डोकावून या, आपली मुले सध्या कुठे खेळत आहेत.