सासूबाईंचा कोमेटा

मी फक्त एक ई-मेल पाठवला. एवढाच माझा गुन्हा. पुढे जे घडलं त्यात माझ्या पँटीचा बळी गेला, मेहुण्याची कंबर गेली आणि उरलीसुरली अब्रू एका भिंतीवर टांगली गेली. पण सुरुवात एका साध्या ई-मेलने झाली, हे कृपया ध्यानात ठेवा.

मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. 'नळाला पाणी नाही, तरी मीटर पळतोय' अशा तक्रारींचं टेबल माझं. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता वर्तमानपत्र चाळत होतो, तर आतल्या पानावर एक लहानशी चौकट दिसली. विज्ञान संग्रहालयात 'आपटलेली यंत्रं' नावाचं प्रदर्शन भरणार होतं. बाजारात सपशेल पडलेले व्हिडिओ गेम कन्सोल कोणाकडे असतील, तर त्यांनी कळवावं.

माझ्या हातातला चमचा डब्यात पडला. माझ्याकडे कोमेटा होता!

कोमेटा तुम्हाला आठवत नसेल. कोणालाच आठवत नाही, हीच त्याची ख्याती. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले असताना, मी गेमचं मशीन घ्यायला दुकानात गेलो. दोन कंपन्यांची मशीनं होती. एकापुढे रस्त्यापर्यंत रांग, आणि कोमेटापुढे फक्त एक सेल्समन, तोही जांभया देणारा. मी म्हटलं, रांगेत कोण तिष्ठत बसणार? (माझे बरेच निर्णय याच तत्त्वावर झालेत. हे मी एकदा बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं, तेव्हा तिने 'म्हणजे मलाही असंच पसंत केलंत का?' असं विचारलं, आणि तो रविवार फार लांबला.)

नऊ महिन्यांत कंपनी बुडाली. गेम निघाले एकूण पाच. मशीन केवढं, तर प्रवासाच्या बॅगेएवढं. मागच्या जाळीतून असली गरम हवा सोडायचं की समोर बसून खेळण्यापेक्षा मागे कपडे वाळत घालणं सोयीचं. आणि हँडल! गेममधली गाडी भिंतीवर आपटली की हातातलं हँडल असं थरथरायचं की दाताची कवळी असती तर समोरच्याच्या मांडीवर पडली असती. ऑफिसात तेव्हापासून माझं नाव 'कोमेटा' पडलं. आजही नवीन कॉम्प्युटर घ्यायचे असले की साहेब मला बोलावून विचारतात, "कोमेटा, तुला यातला कोणता आवडला?" मी सांगितलं की तो सोडून दुसरा मागवतात.

तेव्हा बावीस वर्षांची नाचक्की धुऊन काढायची ही संधी होती. मी तिथल्या तिथे ई-मेल लिहिला: 'सदर यंत्र उत्तम चालू स्थितीत असून आमच्या घरी रोजच्या वापरात आहे.' (खरं तर माळ्यावर टाकल्यापासून मी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण सरकारी हाताला 'उत्तम चालू स्थितीत' लिहायची सवयच असते. आमच्या खात्यातले बंद मीटरही सगळे उत्तम चालू स्थितीत आहेत.)

तासाभरात उत्तर आलं. संग्रहालयाच्या मॅडम शनिवारी चार वाजता स्वतः येणार होत्या. 'चालू असलेला कोमेटा आमच्या माहितीत एकही नाही. आम्ही अत्यंत उत्सुक आहोत.'

घरी येताच शिडी लावून माळ्यावर चढलो. खोकं होतं! वर तो शेपटीवाला धूमकेतू छापलेला. ऊर भरून आला. खोकं उघडलं, तर आत स्वेटर.

"अगं, माझा कोमेटा कुठंय?"

"कोण?" स्वयंपाकघरातून बायको.

"कोमेटा! कन्सोल! गेमचं मशीन!"

"ते होय. ते आईकडे आहे."

सासूबाई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. "कधीपासून?"

"चौदा वर्षं झाली असतील."

"चौदा वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

शिडीवर उभं राहून या प्रश्नाला उत्तर देणं अवघड असतं. मी उतरलो आणि तसाच खाली गेलो.

सासूबाई म्हणजे निवृत्त नर्स. चाळीस वर्षं रोग्यांना दटावलंय, त्यामुळे आवाजात अजून इंजेक्शन आहे. त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांवर शाल, शालीखाली घूंऽऽ असा आवाज, आणि खांद्याला मफलरने बांधलेलं... माझं हँडल!

"या जावईबापू, बसा. माझ्या अजून दहा धडका राहिल्यात."

"धडका?"

"डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं शेक घ्यायला सांगितलाय. या जाळीतून गुडघ्याला ऊब मिळते. आणि हे बटण दाबलं की आतली गाडी सुटते, जाऊन आपटते, की खांद्याला बुर्रर्र! परत दाबायचं." त्यांनी दाबलं. बुर्रर्र.

"पण टीव्ही लागतो ना याला?"

"टीव्ही कशाला? मला काय गाडी बघायचीय? माझा खांदा दुखतोय."

चौदा वर्षं ही बाई डोळे मिटून मोटारी भिंतीवर आपटत होती. माझा ई-मेल अक्षरशः खरा निघाला होता. यंत्र उत्तम चालू होतं, रोजच्या वापरात होतं. पण संग्रहालयाला हे सांगायचं कसं? आणि सासूबाईंकडून ते मागायचं कसं? दुसऱ्या दिवशी मी विजेची शेकायची पिशवी घेऊन गेलो. सासूबाईंनी ती दोन मिनिटं गुडघ्यावर धरली आणि परत दिली.

"नुसती गरम होते," त्या म्हणाल्या. "आपटत नाही."

मग मी आयुष्यातली दुसरी चूक केली. मेहुण्याला विश्वासात घेतलं. मेहुण्याचं जुने टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याने दुरुस्त केलेल्या वस्तूंमुळे त्याला सगळे 'शॉर्टसर्किट' म्हणतात. तो म्हणाला, "भाऊजी, सोपं आहे. शनिवारी तीन वाजता आई चष्म्याचा नंबर तपासायला जाणार आहे. तिच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. कोमेटा वर आणू, मॅडमना दाखवू, पाचच्या आत परत ठेवू. नव्या टीव्हीला ही वायर बसायची नाही, मी दुकानातला जुना टीव्ही आणतो."

शनिवारी पावणेचारला आम्ही जिन्यात होतो. पुढे मेहुणा, त्याच्या मिठीत फ्रिजएवढा जाड टीव्ही. मागे मी, माझ्या मिठीत कोमेटा. मधल्या वळणावर मेहुण्याच्या कमरेतून 'कट्' असा आवाज आला. "काय तुटलं?" मी विचारलं. "टीव्ही नाही," तो कळवळून म्हणाला. (धंद्याशी इतका इमानी माणूस मी दुसरा पाहिला नाही.)

बायको दारातच उभी होती. "आईला विचारलंत?"

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे!"

"हं," ती म्हणाली. आमच्या घरात 'हं' म्हणजे लेखी नोटीस असते.

मी कोमेटा स्टुलावर ठेवला, वीज जोडली, बटण दाबलं. घूंऽऽ! हँडल हातात घेऊन टीव्हीची वायर लावणार, तेवढ्यात बेल वाजली. वाकलेल्या मेहुण्याने दार उघडलं. दारात मॅडम. आणि त्यांच्या शेजारी सासूबाई.

"चष्म्याचं दुकान बंद होतं," सासूबाई कडाडल्या. "घरी येऊन बघते तर माझं शेकायचं मशीन गायब! चोरी झालीय!"

माणूस घाबरला की काय करेल सांगता येत नाही. मी हँडल मागच्या खिशात कोंबलं आणि कोमेटावर बसलो.

"अरेरे," मॅडम हळहळल्या. "कसं होतं मशीन?"

"काळं. बॅगेएवढं. गरम हवा सोडणारं. आपटलं की थरथरणारं."

मॅडमचे डोळे बारीक झाले. "त्यावर धूमकेतूचं चित्र आहे का?"

"शेपूट असलेलं काहीतरी आहे बाई."

इकडे माझ्याखाली उन्हाळा सुरू झाला होता. "अहो, उठा की," बायको अगदी गोड आवाजात म्हणाली. (सगळं बघत होती!) "पाहुण्यांना बसायला द्या."

"मी... मी इथे बरा आहे."

"घाम किती आलाय तुम्हाला."

"हवाच तशी आहे," मी म्हणालो आणि जरा सरकलो. सरकताना खिशातलं बटण दाबलं गेलं. गाडी सुटली. तीन सेकंदांनी आपटली.

"न-न-नमस्कार मॅ-मॅ-मॅडम," मी म्हणालो.

मग सासूबाई पुढे आल्या आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "उठा!" मी उठलो. स्टुलावर कोमेटा घूं घूं करत होता. मॅडम दोन्ही हात गालांना लावून त्याच्याकडे बघत होत्या. बाकीचे सगळे माझ्या पँटीकडे. मशीनवरचं धूमकेतूचं उठावाचं चित्र तिच्यावर शेपटीसकट भाजून उमटलं होतं.

"जावईबापू, तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, गुडघे दुखत होते तर सांगायचं. मी दिलं असतं की दहा मिनिटं."

त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली. मी सगळं कबूल केलं. ई-मेल, प्रदर्शन, बावीस वर्षांची चेष्टा, सगळं. मॅडमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी स्वतः टीव्हीची वायर लावली. पडदा लुकलुकला, आणि त्यावर अक्षरं उमटली: 'एकूण धडका: ४,०३,११८.'

मॅडम मटकन खाली बसल्या. "आजी, हे सगळं तुम्ही?"

"रोज नेमाने," सासूबाई म्हणाल्या. "तापातसुद्धा खंड नाही."

"तुम्हाला ठाऊक आहे का, ही थरथर सगळ्यात आधी कोमेटावाल्यांनी केली. लोक हसले, कंपनी बुडाली. पण आज कुठल्याही कन्सोलचं हँडल घ्या, त्यात ही थरथर असतेच. मशीन गेलं, कल्पना राहिली. ज्यांनी हे बनवलं, त्यांना वाटत असेल की सगळं पाण्यात गेलं. आणि इथे तुम्ही..." मॅडमनी रुमाल काढला. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि नाडीही बघितली.

यंत्र द्यायला मात्र त्या तयार नव्हत्या. अखेर तोडगा निघाला: प्रदर्शनात कोमेटाबरोबर आरामखुर्चीही न्यायची, आणि रोज चार वाजता संग्रहालयाची गाडी सासूबाईंना शेकासाठी घेऊन जाणार.

निघताना मॅडमनी विचारलं, "पण हे मुळात विकत कोणी घेतलं?"

मी हात वर केला.

"तुम्ही? दुकानात जाऊन? पूर्ण किमतीला? कोणी आग्रह केला म्हणून नव्हे?"

"माझा स्वतःचा निर्णय," मी छाती काढून म्हणालो.

"तुमचा फोटो घेऊ का? असा माणूस आम्हाला अजून मिळालाच नव्हता." मी केस विंचरले आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. (पाठ लावणं भागच होतं.)

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी अख्खं ऑफिस घेऊन गेलो. साहेबांना मुद्दाम पुढे ठेवलं. दालनाच्या मधोमध खुर्चीत सासूबाई बसलेल्या, गळ्यात हार, भोवती ही गर्दी. प्रत्येक धडकेला टाळ्या पडत होत्या. मी मात्र माझा फोटो शोधत होतो. अखेर साहेबांनाच तो सापडला. भिंतीवर मोठ्ठा फलक होता: 'कोमेटा अपयशी का ठरला?' पहिलं कारण, अतिरिक्त उष्णता. खाली जाळीचं चित्र. दुसरं कारण, अवाढव्य आकार. खाली बॅगेचं चित्र. तिसरं कारण, चुकीचा ग्राहक. खाली मी, केस विंचरलेला.

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. दोनदा. ऑफिस भिंत धरून हसत होतं. मी केविलवाण्या चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. काहीही झालं तरी बायको आहे, अशा वेळी ती नाही तर कोण बाजू घेणार? आणि खरंच, ती रागाने लाल झाली होती. पर्स सावरत ती तरातरा मॅडमकडे गेली आणि त्यांना हाताला धरून फलकापुढे घेऊन आली.

"हे काय लावलंय मॅडम?" ती म्हणाली. "तिसरं? बावीस वर्षं मी यांच्याबरोबर संसार करतेय. यांचा पहिला नंबर का नाही?"