एलिप्टिकल यंत्र निवडावयास गेले त्याची हकीकत

श्रीमंगलमूर्ति साह्य. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं जें घडलें, तें ऐकिलें तैसें लिहिलें ऐसें जे. राज्य लहान, तीन दालनें आणि एक सज्जा, तेंही तिसरे मजल्यावर. तेथें शिदोजीराव राज्य करीत होते आणि सगुणाबाईसाहेब त्यांच्या राणी. रावांचे रक्तांत साखर वाढली आणि गुडघेही कुरकुरूं लागले, मग वैद्यांनीं निक्षून सांगितलें कीं, रोज अर्धा तास पाय हालवावे आणि गुडघ्यांस धक्का न देणारें एलिप्टिकल यंत्र घरींच आणावें. राव बहुत खट्टू जाहले आणि म्हणाले, "एके जागीं उभें राहून चालावयाचें, हें कसलें चालणें?" परंतु बाईसाहेबांनीं मनावर घेतलें आणि झाडूची काठी धरून छत मोजिलें, कां कीं यंत्रावर चढतां माणूस हातभर उंच होतो आणि माथा पंख्यास लागावयाचें भय.

मग उभयतां चनबसप्पा शेटे यांचे दुकानीं दाखल जाहले. पहिलें यंत्र पाहिलें, तों त्याचें पाऊल आखूड आणि राव त्यावर तुरुतुरु धावतां बाईसाहेबांस हंसूं आवरेना. दुसरें खडखडे. तिसऱ्याचें चाक जड, चाल लांब, आवाज नाहीं, आणि मुठी धरितां नाडीचा आंकडा समोर उमटे. रावांचा एकशें बारा आला. राव घाम पुसून म्हणाले, "आतां तुम्हीही चढून पाहा. घरांत दोघांस चाललें पाहिजे." बाईसाहेब चढल्या, वीस पावलें चालल्या आणि मुठी धरिल्या, तों आंकडा आला एकोणचाळीस. शेटे म्हणाले, "बाईसाहेब, हात कोरडे असतील, ओले करून धरा." धरिले. अडतीस. मग दुसऱ्या यंत्रावर नेलें, तेथें सदतीस. शेट्यांनीं स्वतां मुठी धरिल्या, तों चौऱ्यांशी आले आणि त्यांचे तोंडचें हंसूं मावळलें.

राव जागच्या जागीं थिजले. म्हणाले, "सगुणा, तुला कांहीं होतें काय?" बाईसाहेबांनीं पदर सावरिला आणि अगदीं हळू बोलिल्या, "जिना चढतांना डोळ्यांपुढें अंधारी येते. एकदां ओट्याशीं बसलें मी, उठतां येईना."

"केव्हांपासून?"

"गणपतीपासून. तुमच्या साखरेचें चाललें होतें, त्यांत माझें कुठें सांगत बसूं?"

हें रावांनीं ऐकिलें. एकाच ताटांत जेवावें आणि तीन महिने कळूं नये, हा कैसा संसार केला, म्हणोन मनीं बहुत लाजले. मग यंत्रें तैसींच टाकिलीं आणि शेट्यांनीं आपली गाडी काढिली आणि तडक इस्पितळ गांठिलें. वैद्यांनीं हृदयाचा कागदी आलेख काढिला, पाहिला आणि बसते जागचे उठले. म्हणाले, "हृदयांतील वीज मध्येंच अडते. आणखी दिवस दवडतां तर या चालतां चालतां पडत्या आणि उठत्या ना." दुसरे दिवशीं बाईसाहेबांचे छातींत पेसमेकर बसविला. राव दाराबाहेर उभेच होते, खुर्ची दिली तरी बसले नाहींत.

दीड महिन्यानें वैद्यांची परवानगी घेऊन तिसरें यंत्र घरीं आणिलें. राव रोज चढतात, कुरकुर करीत नाहींत. परंतु चढण्याआधीं विचारितात, "आज कैसें वाटतें?" बाईसाहेब म्हणतात, "बरें आहे." तेव्हां राव म्हणतात, "बरें म्हणजे काय तें नीट सांग," आणि पुरतें ऐकून घेतल्यावांचून पाय हालवीत नाहींत.

येणेंप्रमाणें वर्तमान. राव खुशाल, बाईसाहेब खुशाल. यंत्र दिवाणखान्यांत खिडकीशीं आहे.