त की न

गेल्या वर्षी मला एक पत्र आले होते. त्याचे उत्तर मी दिले नाही. न दिलेली उत्तरे माझ्या खात्यात पुष्कळ आहेत, पण या एका उत्तराच्या नसण्यावर एका बाईंची नोकरी सात महिने टिकून राहिली. म्हणून हे सांगणे भाग आहे. मला नीट सांगता येईलच असे नाही.

पत्र आमच्या वाचनालयाचे होते. त्यात लिहिले होते : "काळाची पावले ओळखून संस्थेने पुस्तकांच्या देवघेवीसाठी यंत्र बसवण्याचे व ग्रंथपालाचे पद रद्द करण्याचे योजिले आहे. घटनेच्या कलम चौदानुसार याबाबत आपले अनौपचारिक मन कळवावे."

मी चाळीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. माणूस पत्र वाचतो तेव्हा त्याला मजकूर दिसतो. मला अक्षरे दिसतात. यंत्र, पद, काळाची पावले यांतले काही माझ्या डोळ्यांत शिरले नाही. 'मन' तेवढे शिरले. तिथे 'मत' हवे होते. की नको होते?

"काय विचारलंय त्यांनी?" बायकोने विचारले.

"मन."

"किती किलोचं?"

"तो ण. हा न आहे."

"मग लिहून टाका की. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढल्यात, एखादी स्वतःची करून बघा."

मी नऊ मसुदे केले. पहिला फार उद्धट वाटला, दुसरा फार लाचार. पाचव्यात एक स्वल्पविराम खटकला आणि तो काढल्यावर वाक्यच खटकू लागले. नववा बरा होता, पण तोवर मुदत संपली होती.

मुदत संपली तरी अडचण सरली नव्हती, कारण कलम चौदा आडवे आले. आमच्या संस्थापकांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी लिहून ठेवले होते की, कुणाचेही पद रद्द करायचे तर प्रत्येक हयात सभासदाने पत्रात जे विचारले असेल त्याचे उत्तर दिले पाहिजे. आणि पत्रात चूक निघाली, तर ते दुरुस्त करून पुन्हा सर्वांना धाडले पाहिजे. सभासद तीनशे बारा. उत्तर आले एक.

मते नव्हती असे नाही. वाचनकक्षात 'शांतता राखा' या पाटीखाली दुसरे काही चालतच नव्हते. दातांचे डॉक्टर रोज सांगत, "यंत्रांनी माणुसकी संपवली," आणि सांगताना मोबाइलवरून मान वर करत नसत. निवृत्त इंजिनिअर म्हणत, "बदलाला विरोध करणारे मागं पडतात." ते स्वतः गेली अकरा वर्षे त्याच खुर्चीत बसत आणि तिथे दुसरा कुणी बसला तर घरी जात.

"मग दोन ओळी लिहून द्या ना," ग्रंथपालबाई म्हणत.

"बाई, लिहून दिलं की ते औपचारिक होतं," डॉक्टर म्हणत.

हा विनोद नव्हता, हे पुढे कळले. आलेले एकमेव उत्तर एका मास्तरांचे होते. चार पाने, समासासकट. समितीने ते परत पाठवले. शेरा असा : "आपले मत औपचारिक असल्याने विचारात घेता आले नाही. हेच मत अनौपचारिकपणे, विहित नमुन्यात, दोन प्रतींत सादर करावे." नमुन्यात रकाने होते. मत देताना आपण बसला होता की उभे? मत सहज सुचले काय? असल्यास, सहजतेचा पुरावा. मास्तरांनी पुरावा म्हणून शाईचा डाग जोडला. तो साक्षांकित नव्हता.

तेव्हा अध्यक्षांनी तोडगा काढला. अध्यक्षांचे नळांचे मोठे दुकान आहे आणि त्यांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट एकतर चालू असते किंवा बंद. त्यांनी यंत्र तात्पुरते म्हणून बसवून टाकले आणि त्यावर दोन बटणे दिली, 'आवडले' आणि 'नावडले'. एक दाबल्याशिवाय यंत्र पुस्तक परत घेत नसे. 'आवडले' दाबले की हिरवा दिवा लागे. 'नावडले' दाबले की यंत्र विचारी, "आपल्याला खात्री आहे का?" हो म्हटले की कारण विचारी, मग पुन्हा खात्री विचारी. तोवर मागची रांग दारापर्यंत जाई.

"तुम्ही काय दाबलंत?" मी डॉक्टरांना विचारले.

"आवडले."

"पण तुम्ही तर..."

"मागच्यांचा विचार करावा लागतो हो. माणुसकी आहे की नाही?"

सहा महिन्यांत तीनशे अकरा हिरवे दिवे लागले. उरलो मी. मी पुस्तक परतच केले नव्हते. तत्त्व वगैरे काही नाही. अनोळखी माणसाशी बोलायची मला लाज वाटते आणि यंत्र तर त्याहून अनोळखी.

बाईंचे टेबल जिन्याखाली हलवले होते. वर पाटी होती, 'अनौपचारिक मत कक्ष'. उभे राहिले की डोके पायरीला लागे, म्हणून त्या बसूनच असत. माझे उत्तर आले की कक्ष बंद, आणि कक्ष बंद की पद रद्द.

"काका, ते पुस्तक सावकाश वाचा," त्या मला म्हणाल्या. "घाई नाही."

या बाई बोलायच्या कमी. माझा भाऊ गेला त्या आठवड्यात मी वाचनालयात गेलो होतो. काय हवे ते मला सांगता येईना. त्यांनी काही विचारले नाही. पक्ष्यांच्या स्थलांतरावरचे एक जाडजूड पुस्तक पुढे सरकवले. मी ते महिनाभर वाचले. यंत्राने त्याच जागी काय दिले असते, मला माहीत नाही. इंजिनिअरना मात्र त्याने एकच कादंबरी तीनदा दिली, कारण ती त्यांना पूर्वी आवडली होती.

गेल्या शुक्रवारी अध्यक्ष घरी आले.

"सोमवारी बैठक आहे," ते म्हणाले. "तोवर तुमचं उत्तर आलं नाही, तर तुम्ही हयात नाही असं धरू. हयात नसलेल्याचं मत लागत नाही."

"म्हणजे मी..."

"मरायचं नाही हो तुम्ही. फक्त नोंदीपुरतं. अनौपचारिकपणे."

"घरात फारसा फरक पडायचा नाही," बायको पाणी देत म्हणाली. "पण पत्र लिहायला किती वेळ लागतो, हे मी सांगते तुम्हाला. आमच्या लग्नाला होकार कळवायला यांनी पाच महिने घेतले. शेवटी सासूबाईंनी लिहिलं."

अध्यक्ष दारात थांबले. "बटण दाबा ना, काका. एक बोट लागतं."

शनिवारी मी जिन्याखाली गेलो. पत्र बाईंपुढे ठेवले आणि त्या शब्दाखाली नख धरले.

"हे कुणी टाइप केलं?"

"मीच. अध्यक्षांनी फोनवर सांगितलं." त्यांनी चष्मा लावून पाहिले. बराच वेळ पाहिले. "अगंबाई. चूक झाली का हो? मला वाटलं, अनौपचारिक म्हणतायत म्हणजे तेच विचारत असतील."

मी तो शब्द सात महिने घोकला होता, पण हे मला सुचले नव्हते.

आता पेच असा. चूक दाखवली, तर कलम चौदाप्रमाणे पत्र पुन्हा सर्वांना जाईल आणि पद वाचेल. पण चूक बाईंची ठरेल, आणि चुकीबद्दल माणसाला काढायला कलम लागत नाही. गप्प राहिलो, तर सोमवारी मी मेलो.

रविवारी सकाळी मी दहावा मसुदा केला. तो एकदाच लिहिला. "आपल्या पत्रातील 'मन' हा शब्द मी तपासला आहे. तो योग्य आहे. तसाच ठेवावा. मात्र तीनशे अकरा सभासदांकडून बटणावर मत घेतले गेले आहे, जे आपण विचारलेच नव्हते. सबब त्यांचे मन अद्याप कळलेले नाही. ते कलम चौदानुसार लेखी मागवावे. माझे मन असे : बाई असाव्यात." खाली, चाळीस वर्षे करत आलो तशी, मुद्रितशोधकाची सही केली. माझ्या सहीखाली जाणूनबुजून राहू दिलेली ही पहिली चूक. ती चूक आहे याची आता मला खात्री नाही.

समितीतले दोघे वकील आहेत. ते हे पत्र मोडू शकणार नाहीत. मी ते त्यांच्याच भाषेत लिहिले आहे. त्यामुळे नवे पत्र निघेल, तीनशे अकरा जणांना. आणि त्या सर्वांची लेखी उत्तरे येईपर्यंत बाई जिन्याखाली राहतील.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या वाचनालयाचे सभासद असाल. हे वाचताना तुमचे मत झालेच असेल. संध्याकाळपर्यंत ते चार जणांना ऐकवालही. पण कागद घेऊन दोन ओळी लिहाल आणि पाकिटात घालाल, असे मला वाटत नाही. बाईंच्या निवृत्तीला नऊ वर्षे आहेत. मी सर्वस्वी तुमच्यावर विसंबून आहे.

वाचनालयाच्या दारावरच्या पत्रपेटीशी मी बराच वेळ उभा होतो. मग बायकोने माझ्या हातातले पाकीट काढून घेतले आणि आत टाकले.