संत जोसेफ टाकीत

जेरार्ड पिसकाने हा गृहस्थ संत जोसेफला डोक्यावर उभं करून पुरायला निघाला, तेव्हा त्याच्या मनात त्या संताबद्दल वाईट असं काहीही नव्हतं. घर विकलं जात नव्हतं, एवढंच. 'विकणे आहे'ची पाटी मार्चपासून अंगणात उभी होती आणि आता तिच्यावर वेल चढायला लागला होता. घर अडलं की काय करायचं, हे न्यू जर्सीतल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पाटीजवळ खड्डा खणायचा आणि संत जोसेफची मूर्ती खाली डोकं वर पाय अशी पुरायची. गिऱ्हाईक मिळालं की त्याला बाहेर काढायचं, माफी मागायची आणि नव्या घरात मानाने बसवायचं. संताची गैरसोय केल्याशिवाय तो मनावर घेत नाही, असा त्यामागचा विचार.

"तोंड आपल्या घराकडे कर," बायको लोरेटा पायरीवरून म्हणाली. "शेजारच्या डिमार्कोंनी रस्त्याकडे केलं होतं. समोरच्यांचं घर विकलं गेलं. त्या बिचाऱ्यांना विकायचंही नव्हतं."

लोरेटाला समुद्र हवा होता. डेलावेअरच्या किनाऱ्यावरचं एक छोटंसं घर तिनं हेरून ठेवलं होतं. समुद्राकाठी राहू, असं जेरार्डनं लग्नात कबूल केलं होतं आणि आता त्या लग्नाला नातवंडं झाली होती. हे घर यंदा विकलं नाही, तर ते घर हातचं जाणार होतं. मग लोरेटा उरलेलं आयुष्य एक अक्षर न बोलता त्याच्याकडे बघत बसणार होती. भांडणारी लोरेटा त्याला चालायची. बघणारी नाही.

पाटी होती अंजिराच्या झाडाशेजारी. हे झाड सासूबाईंचं, म्हणजे असुंताबाईंचं. त्यांचे यजमान सावेरिओ यांनी ते इटलीतल्या कालाब्रियाहून काडीच्या रूपात, कोटाच्या आतल्या खिशातून आणलं होतं. सावेरिओ गेले, झाड राहिलं. दर हिवाळ्यात त्याला जुन्या सतरंज्या, फाटक्या रजया गुंडाळायच्या आणि डोक्यावर प्लॅस्टिकची बादली उपडी घालायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पिसकान्यांकडचा कुणी लठ्ठ पाहुणा बसची वाट बघतोय. त्या झाडाच्या अंजिरांना एक वेगळीच चव होती. आधी गोड, मग किंचित धुरकट आणि शेवटी घशात हलकासा ठसका. "ही कालाब्रियाची माती बोलते," असं सगळं खानदान डोळे मिटून म्हणायचं.

जमीन टणक निघाली. जेरार्डनं फावडं टाकून पहार घेतली. पहिल्या घावाला ठण्ण झालं. त्याला वाटलं, दगड. दुसऱ्या घावालाही ठण्ण. तिसरा घाव त्यानं सगळा राग काढून घातला. बशीएवढा गंजका पत्रा आत गेला आणि खड्ड्याच्या काठावर वाट बघत उभे असलेले संत जोसेफ तोल जाऊन त्या भोकात गेले. शास्त्राप्रमाणे, डोक्यावर.

बुडुक.

"बुडुक?" लोरेटा म्हणाली. "जेरी, माती बुडुक करत नाही."

मग वास आला. जळणाच्या तेलाचा, रॉकेलसारखा. पूर्वी तिथली घरं तेलावर तापायची. अंगणात लोखंडी टाकी पुरलेली असे. पुढे गॅस आला आणि लोक टाक्या विसरून गेले. टाक्या मात्र लोकांना विसरल्या नाहीत, त्या निवांत गळत बसल्या. त्या गल्लीत 'टाकी' हा शब्द पोराबाळांसमोर कुणी काढत नसे. टाकी निघाली की घराची विक्री थांबते, आणि मातीत तेलाचा थेंब सापडेनासा होईपर्यंत खणत राहावं लागतं. एका गृहस्थाचं खणता खणता अंगण संपलं होतं.

तळमजल्याची खिडकी उघडली. असुंताबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"काय पडलं रे?"

"काही नाही, मम्मा!"

"काही नाही पडलं, तर बुडलं कोण?"

उत्तर द्यायच्या आत दारात गाडी थांबली. घर बघायला माणूस आला होता. जेरार्डनं जिरेनियमची कुंडी उचलून भोकावर ठेवली आणि पहार पाठीमागे लपवली. म्हणजे ती दोन्हीकडून दिसायला लागली.

आलेल्याचं नाव ट्रेव्हर हॉक्स. ब्रुकलिनचा, मिशांना मेण लावलेला. त्यानं स्वयंपाकघर बघितलं, म्हणाला, "हं." न्हाणीघर बघितलं, पुन्हा "हं." अंगणात असुंताबाईंनी त्याच्या हातावर एक अंजीर ठेवलं. त्यानं चावा घेतला आणि खांबासारखा उभा राहिला.

"यात काय आहे?"

"अंजीर," जेरार्ड म्हणाला.

"नाही, नाही. मागून काहीतरी येतंय. जुना धूर. भट्टी. आणि शेवटाला एक... जळकी कड."

"ती कालाब्रियाची माती आहे, बाळा," असुंताबाई म्हणाल्या.

"मी घेतो."

"किती देऊ? डझनभर?"

"घर घेतो," ट्रेव्हर म्हणाला. "पण हे झाड घराबरोबर पाहिजे. झाड नाही तर घर नाही."

संत जोसेफना टाकीत पडून पाव तासही झाला नव्हता. लोरेटानं जिरेनियमच्या कुंडीकडे बघून हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

पुढच्या आठवड्यात ट्रेव्हरचा माणूस यंत्र घेऊन आला. जमिनीत लोखंड असलं की ते यंत्र पीं-पीं करतं. सगळ्या अंगणात ते गप्प होतं. कुंडीपाशी आलं आणि प्रेशर कुकरसारखं बोंबलायला लागलं.

"इथं काय आहे?"

"संत जोसेफ," जेरार्ड म्हणाला.

"लोखंडाचे?"

"प्लॅस्टिकचे."

"मग यंत्र का वाजतंय?"

"भक्ती आहे."

त्या माणसानं कुंडी उचलली, आत वाकून बघितलं, वास घेतला आणि गाडीतून स्टॅनला फोन लावला.

स्टॅन टाक्या उपसणारा. जाडजूड, शांत, जेवणाचा डबा कायम काखेत. तो आला, अंगणात चार चकरा मारल्या आणि झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "बॉस, हे झाड जाणार. माती मुळांखालीच नासलीय."

ट्रेव्हर म्हणाला होता, झाड राहिलं पाहिजे. स्टॅन म्हणत होता, गेलं पाहिजे.  असुंताबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, झाडाला टेकून ठेवली आणि खोदाईच्या पिवळ्या यंत्रासमोर विणकाम घेऊन बसल्या.

"मावशी, उठा बरं."

"मी कुणाची मावशी?"

"बरं, आजी उठा."

"तुझं वय काय? आरशात बघतोस की नाही कधी?"

स्टॅननं जेरार्डला बाजूला घेतलं. "बॉस, टाक्या मी पुष्कळ काढल्या. सासू काढायची तर वेगळा माणूस लागतो."

शेवटी तोडगा असा निघाला की झाड मुळासकट क्रेननं उचलायचं, मुळं धुवायची, खालची घाण उपसायची, चांगली माती भरायची आणि झाड होतं तिथं लावायचं. झाड हवेत लोंबकळायला लागलं तेव्हा असुंताबाई खुर्चीवरून ओरडल्या, "त्याला वारा लागतोय!" आणि स्टॅनच्या दोन माणसांना शिडीवर चढून हवेतल्या झाडाला शाल गुंडाळावी लागली. सप्टेंबरातल्या उन्हात.

स्टॅन खणायचा, माती बाटलीत भरून लॅबला पाठवायचा. लॅब म्हणायची, अजून तेल आहे. मग अजून खणायचं. खड्ड्यानं आधी हिरवळ खाल्ली, मग फरशी, मग टपालपेटी. शेजारी आपापल्या खुर्च्या घेऊन बघायला यायला लागले. डिमार्कोंनी तर घरून सँडविचेस करून आणली. लोरेटानं भांडणं बंद केलं होतं. ती खिडकीत उभी राहून नुसती बघत होती, आणि जेरार्डला त्या नजरेत लाटांचा आवाज ऐकू येत होता.

अखेर टाकी वर आली. आतून आधी संत जोसेफ निघाले, अंगभर काळेकुट्ट, पण चेहऱ्यावर तीच शांती. मग स्टॅननं टाकीखाली वाकून बघितलं आणि तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"बॉस, जरा इकडे या. ही गळत नव्हती."

"मग तेल कुठून आलं?"

"हिला नळ आहे."

टाकीच्या तळाशी एक पितळी नळ होता. नीट बसवलेला, अगदी एक थेंब पडेल एवढाच उघडा. नळाला बारीक तांब्याची नळी होती आणि ती थेट झाड होतं तिथं गेली होती.

"आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," स्टॅन डबा छातीशी धरून म्हणाला. "लोकांच्या टाक्या फुटतात. तुम्ही सोय केलीय."

सगळ्यांच्या माना असुंताबाईंकडे वळल्या. त्यांनी विणकामाचा टाका पुरा केला.

"सावेरिओनं बसवला. घरात गॅस आला, तेव्हा तो मला म्हणाला, आपली सोय झाली, ह्या पोराचं काय? कालाब्रियातून आलंय, इथली थंडी सोसेल का? तेल उरलंच होतं टाकीत. मग दिलं जोडून."

"मम्मा," जेरार्डनं कपाळाला हात लावला, "ते तेल जाळून घर तापतं. नुसतं ओतून झाड तापत नाही!"

"मग जगलं कसं?"

"खरं तर ते केव्हाच मरायला हवं होतं," स्टॅन म्हणाला.

"बघ," असुंताबाई जावयाला म्हणाल्या. "तरी जगलं. म्हणजे ऊब मिळत होती."

यावर स्टॅननं डबा उघडला आणि मुकाट्यानं जेवायला बसला. एका सँडविचनंतर त्याला काहीतरी आठवलं. "बॉस," त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही लोक ह्याची अंजिरं... खाता?"

जेरार्डनं एकदा असुंताबाईंकडे बघितलं, एकदा खानदानाच्या तब्येतीचा आढावा घेतला आणि म्हणाला, "चुलतमामा ब्याण्णवाव्या वर्षी गेला. शिडीवरून पडून."

माती स्वच्छ निघाली. झाड जागेवर बसलं. ट्रेव्हरनं सही केली आणि पिसकाने मंडळी समुद्राकाठी राहायला गेली. लोरेटा पुन्हा भांडायला लागली, जेरार्डच्या जिवात जीव आला. असुंताबाईंनी झाडाची एक काडी सोबत नेली होती. नव्या घरात तेल नव्हतं, गॅस नव्हता, सगळं विजेवर. त्यांनी हिवाळ्यात काडीला विजेची रजई पांघरली.  जेरार्डला खणायला सांगितलं नव्हतं, हेच खूप झालं.

पुढच्या वर्षी अंजिराच्या दिवसांत ट्रेव्हर टोपली घेऊन दारात उभा राहिला. मिशांचं मेण वितळलं होतं.

"हे काय आहे?"

"अंजीर," जेरार्ड म्हणाला.

"हो! नुसतं अंजीर!"

जेरार्डनं एक खाल्लं. मऊ, मधासारखं, कुठं ठसका नाही. आपण जन्मात पहिल्यांदाच अंजीर खातोय, हे त्याच्या लक्षात आलं. फारच छान होतं. पण तो तसं बोलला नाही.

"मी सगळ्या मित्रांना बोलावलं होतं," ट्रेव्हर रडवेला होऊन म्हणाला. "त्या चवीसाठी घर घेतलं मी. तुम्ही माती बदललीत."

"कायद्यानं बदलली."

"मग कायद्यानं घर परत घ्या."

 लोरेटा समुद्राकडे बघत होती. मग ती नवऱ्याकडे बघायला लागली.

असुंताबाई आत गेल्या आणि संत जोसेफना घेऊन आल्या. मूर्ती आतून पोकळ होती, तळाला भोक, आणि टाकीत पोटभर प्यायलेलं तेल अजून पोटातच होतं. सरळ बसवली की रुमालावर गळायची. म्हणून वर्षभर मानाच्या कपाटात संत एका पेल्यात डोक्यावर उभे होते.

"हा घे, बाळा. झाडाच्या मुळाशी पुर. हलवू नको, आहे तसाच ठेव."

"मम्मा!" जेरार्ड दबक्या आवाजात म्हणाला. "ते बेकायदेशीर आहे!"

"संत पुरणं बेकायदेशीर? तू पुरलास तेव्हा?"

ट्रेव्हर पेला मांडीवर घेऊन निघून गेला. लोरेटानं पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. आणखी एक उन्हाळा सुखात गेला. असुंताबाईंच्या काडीला पहिली फळं धरली. आणि एका दुपारी ट्रेव्हरचा फोन आला.

"आली!" तो ओरडत होता. "चव परत आली! धूर, भट्टी, जळकी कड, सगळं!"

"अभिनंदन," जेरार्ड म्हणाला. "कसं पुरलंस त्याला?"

"आजींनी दिला तसाच. उलटा."

"बरं," जेरार्ड म्हणाला. मग त्याला डिमार्को आठवले. "आणि तोंड कुणीकडे केलंस?"

"तुमच्याकडे. कृतज्ञता म्हणून. होकायंत्र लावून डेलावेअरची दिशा काढली."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. जेरार्डनं पडदा सारला. एक अनोळखी जोडपं फाटकात उभं होतं. नवरा छपराकडे बघून मान डोलवत होता, बायको समुद्राकडे हात करून काहीतरी सांगत होती. मग बेल वाजली.

"लोरेटा," जेरार्ड म्हणाला, "दार उघडू नकोस."

पण असुंताबाई केव्हाच दाराकडे निघाल्या होत्या. पाहुण्यांसाठी हातात ताज्या अंजिरांची ताटली होती.