नोविकींच्या वहीतला पहिला नंबर

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, चर्चहून परतल्यावर, नोविकींच्या स्वयंपाकघरात तिघं टेबलाशी बसले: निवृत्त पोस्टमन लिओन, शेजारचे ऑर्व्हिल आणि कॅझ नोविकींच्या खुर्चीत त्यांची मुलगी ट्रूडी. कॅझ ऑक्टोबरात गेले होते. खुर्ची रिकामी ठेवायची नाही, एवढं ट्रूडीनं ठरवलं होतं.

खेळ साधा होता. करार संपल्यामुळे ज्यांना कुठलाही क्लब उचलू शकतो, अशा बेसबॉलच्या आउटफिल्डरांपैकी, म्हणजे मैदानाच्या कडेला झेल घेणाऱ्यांपैकी, प्रत्येकानं एकेक निवडायचा. पुढच्या हंगामात ज्याचा खेळाडू सर्वांत फुसका निघेल, त्यानं हिवाळाभर बाकी दोघांच्या दारातला बर्फ उपसायचा. बावीस वर्षांत कॅझना एकदाही दुसऱ्याच्या दारात फावडं धरावं लागलं नव्हतं. ती कीर्ती आता ट्रूडीनं सांभाळायची होती, आणि तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिच्याकडे पपांची वही होती, आजारपणातही उशाशी ठेवून लिहिलेली.

"पहिली निवड कॅझच्या खुर्चीची," ऑर्व्हिल म्हणाले.

वहीत पहिल्याच नावापुढे पाच चांदण्या होत्या. "प्रूइट," ट्रूडी म्हणाली.

लिओनच्या हातातला सॉसेजचा तुकडा मोहरीच्या सॉसमध्ये बुडाला. "पोरी, प्रूइट चौतिशीचा आहे. गुडघे वाजतात त्याचे. टीव्हीवर ऐकू येतात."

"तीस होमरन मारलेत त्यानं, काका. तीस वेळा चेंडू थेट कुंपणापार, असं लिहिलंय इथं."

"दोन वर्षांपूर्वी! आणि पळतो कसा, तर कुणी कपाट ढकलत नेतंय असा. त्यापेक्षा तो सालदिवार घे. फटके बेताचे, पण कुंपणापाशी आलेला एक झेल सोडत नाही. वय सव्वीस."

"मग तुम्हीच का घेत नाही?"

लिओन बुडालेला तुकडा काट्यानं शोधायला लागले.

"फसू नकोस गं," ऑर्व्हिल म्हणाले, "ह्यालाच प्रूइट हवाय. बघ कसा घामाघूम झालाय!"

"पुन्हा एकदा विचार कर, ट्रूडी," लिओन म्हणाले.

"प्रूइटच," ट्रूडीनं वही मिटली.

ऑर्व्हिलनी दरवर्षीप्रमाणे ज्याचं आडनाव उच्चारता येतं तो घेतला. लिओननी सुस्कारा टाकून सालदिवार घेतला.

फेब्रुवारीत प्रूइटला क्लब मिळाला. मार्चमध्ये त्यानं स्वतःचीच बॅग स्वतःच्या अंगठ्यावर पाडून घेतली. जूनमध्ये परतला, तेव्हा चेंडू मागे पडत असताना तो जिवाच्या आकांतानं पुढे धावला. ऑगस्टपासून तो बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. ट्रूडी पपांच्या रेडिओवर हे सगळं रोज ऐकायची. ऐकता ऐकता तिला खेळ समजायला लागला, आणि समजायला लागला तशी भूक कमी झाली.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. ट्रूडी पपांचं फावडं घेऊन लिओनच्या दारात उभी राहिली. त्याच्या दांड्यावरचं दुकानाचं लेबलसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

लिओन आपलं झिजलेलं फावडं घेऊन बाहेर आले.

"काका, तुम्ही जिंकलात. आत बसा बघू."

"हाताला सवय आहे गं." दोन-चार फावडी टाकून झाल्यावर ते म्हणाले, "ती वही खोटी होती. खरी यादी त्याच्या डोक्यात. वही टेबलावर उघडी टाकून कॅझ तळघरात बिअर आणायला जायचा. मी डोकावायचो, पहिलं नाव घ्यायचो आणि हरायचो. ऑर्व्हिलसमोर हे कसं सांगणार होतो तुला?"

"बावीस वर्षं कळलं नाही तुम्हाला?"

"तिसऱ्या वर्षीच कळलं."

"मग?"

लिओननी फावडं बर्फात खोचलं. "बाटल्या घेऊन वर यायचा ना, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस. हसू दाबता दाबता माणूस फुटेल असं वाटायचं."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिघं पुन्हा टेबलाशी बसले. ट्रूडीनं नवी वही उघडून ठेवली. पहिलं नाव, पाच चांदण्यांसकट, यंदा पुन्हा करारातून मोकळा झालेल्या प्रूइटचं होतं.

"बिअर आणते हं," ती म्हणाली आणि तळघरात उतरली.

वर खुर्ची करकरली. ट्रूडी बाटल्या छातीशी धरून शेवटच्या पायरीवर थांबली. हसू आवरल्याशिवाय वर जाण्यात अर्थ नव्हता.